पात्रतेची एक ओळ : रॅडक्लिफच्या 'समकक्ष' स्त्रियांची गोष्ट संशोधक म्हणून कशी वाचायची?

विद्यापीठांनी स्त्री कलावंतांना करिअरच्या सुरुवातीला जागा, वेळ आणि पैसा द्यावा का, असं विचारलं तर बहुतेक जण 'हो' म्हणतील. त्यामुळे संशोधनासाठी हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. उपयोगाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. 'सुरुवात' कुठून धरायची आणि ती कोण ठरवणार?

या लेखात मी एक पुस्तक घेणार आहे. मॅगी डोहर्टी यांचं 'द इक्विव्हॅलंट्स', 2020 साली आलेलं. स्त्री-अभ्यास, कला-इतिहास, साहित्य, शिक्षणशास्त्र, यांपैकी कुठल्याही विषयात पीएच.डी.चा विचार करत असाल तर ते वाचावं असं आहे. आणि वाचताना काही ठिकाणी त्याच्याशी भांडावं असंही आहे.

आधी एक शब्द स्पष्ट करून घेऊ. 'रेसिडेन्सी' म्हणजे एखाद्या संस्थेनं कलावंताला ठरावीक काळासाठी काम करायला जागा देणं. बरोबर मानधन, वाचनालय, यंत्रसामग्री, इतर कलावंतांचा सहवास यांपैकी काही किंवा सगळं देणं. आपल्या डोक्यात रेसिडेन्सी म्हटलं की घर सोडून दूर जाऊन राहणं येतं. इथं ज्या संस्थेबद्दल बोलतोय तिथं सुरुवातीला तसं नव्हतं. दिवसा संस्थेत यायचं, संध्याकाळी घरी जायचं. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आधी गोष्ट थोडक्यात

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज शहरात हार्वर्ड विद्यापीठाला जोडून रॅडक्लिफ हे मुलींचं कॉलेज होतं. 1960 मध्ये मेरी बंटिंग त्याच्या अध्यक्ष झाल्या. बंटिंग मूळच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. 1954 मध्ये नवऱ्याचं निधन झालेलं आणि चार मुलं पदरात. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या एका समितीवर असताना त्यांच्यासमोर एक आकडेवारी आली होती. शाळेत अत्यंत हुशार ठरूनही कॉलेजला न जाणाऱ्या मुलांचा तो अभ्यास होता आणि त्या 'मुलां'मध्ये जवळजवळ सगळ्या मुली होत्या. यावरून बंटिंग यांनी एक निदान मांडलं: मुलींना कुणी उघडपणे अडवत असेलच असं नाही, पण त्यांच्याकडून कुणाची काही अपेक्षाच नाही.

या निदानावर उपाय म्हणून नोव्हेंबर 1960 मध्ये 'रॅडक्लिफ इन्स्टिट्यूट फॉर इंडिपेंडंट स्टडी' जाहीर झाली. शिकलेल्या, पण संसार-मुलांमुळे काम मागं पडलेल्या स्त्रियांना वर्षभर एक खोली, हार्वर्डच्या वाचनालयांचा वापर आणि जास्तीत जास्त 3000 डॉलर असं तिचं स्वरूप होतं. 1961 च्या शरद ऋतूत पहिली तुकडी आली, 24 जणींची. बंटिंग याला प्रयोग म्हणत. प्रयोगशाळेतून आलेल्या बाईच्या तोंडी हा शब्द नुसता शोभेचा नव्हता.

डोहर्टी यांनी पहिल्या दोन तुकड्यांमधल्या पाच जणी निवडल्या आहेत. कवयित्री ॲन सेक्स्टन आणि मॅक्सीन क्यूमिन, चित्रकार बार्बरा स्वान, शिल्पकार मारिआना पिनेडा आणि कथालेखिका टिली ऑल्सन. पुस्तक म्हणजे या पाच जणींचं समूहचरित्र आहे.

'समकक्ष' हा शब्द

पुस्तकाचं नाव आलं ते पात्रतेच्या अटीतून. अर्जदाराकडे डॉक्टरेट हवी किंवा सर्जनशील कामात तिच्या तोडीची कामगिरी हवी. या दुसऱ्या गटातल्या मैत्रिणी स्वतःला थट्टेनं 'इक्विव्हॅलंट्स', म्हणजे 'समकक्ष' म्हणवून घेऊ लागल्या.

अशी ओळ आपण रोज वाचतो. कुठल्याही भरतीच्या जाहिरातीत 'पदव्युत्तर पदवी किंवा समकक्ष' असतंच. आपण ती वाचतो, आपण बसतो की नाही ते बघतो आणि पुढं जातो. संशोधकानं मात्र इथंच थांबायचं. कारण पात्रतेची ओळ म्हणजे संस्थेनं केलेली 'कलावंत कोण' याची व्याख्या असते. उद्घाटनाच्या भाषणात संस्था काहीही बोलेल, पण पैसे कुणाला मिळणार ते या ओळीवर ठरतं.

रॅडक्लिफच्या ओळीत दोन गोष्टी एकदम आहेत. 'समकक्ष' या शब्दानं दार उघडलं. सेक्स्टनकडे कॉलेजची पदवी नव्हती. ऑल्सनकडेही नव्हती. कागदाच्या नियमानं दोघीही बाहेर राहिल्या असत्या. पण त्याच वेळी त्या शब्दानं कलेला डॉक्टरेटच्या मापानं मोजलं. म्हणजे काम आधीच झालेलं हवं, छापलेलं किंवा प्रदर्शित झालेलं हवं, आणि ते तोडीचं आहे हे सांगणारं कुणीतरी हवं. सेक्स्टनचा पहिला संग्रह 1960 मध्ये, म्हणजे आत येण्याच्या आदल्याच वर्षी निघाला होता. जिचं काम वेळेअभावी झालंच नाही तिच्यासाठी ही योजना, आणि आत येण्याची अट ही की थोडं तरी काम झालेलं पाहिजे. हा पेच 1961 चा आहे, पण आजची कुठलीही रेसिडेन्सीची जाहिरात काढून बघा, 'पोर्टफोलिओ जोडावा' या शब्दांत तो तसाच बसलेला दिसेल.

वयं मांडून बघा

आता एक साधा व्यायाम. पाचही जणींची जन्मवर्षं सहज मिळतात. संस्थेत आल्या तेव्हाचं वय काढा. सेक्स्टन 32, क्यूमिन 36, पिनेडा 37, स्वान 39, ऑल्सन 50.

यातली 'करिअरच्या सुरुवातीला' कोण?

आपल्या ओळखीचे निकष लावून बघू. नेटच्या जेआरएफला वयाची मर्यादा 30, स्त्रियांना 5 वर्षांची सवलत. म्हणजे पाचांपैकी फक्त सेक्स्टन बसते आणि तिच्याकडे तर पदवीच नाही! केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या योजनांत तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती 18 ते 25 वयासाठी, कनिष्ठ फेलोशिप 25 ते 40 साठी आणि 40 नंतर वरिष्ठ. या हिशेबात चौघी कनिष्ठ ठरतील. ऑल्सन मात्र थेट वरिष्ठांच्या रांगेत जाईल, जिथं तिची तुलना तीस-तीस वर्षं सलग काम केलेल्यांशी होईल.

तिची तीस वर्षं कशी गेली ते बघा. 1930 च्या दशकात तिनं एक कादंबरी लिहायला घेतली होती. मग चार मुली, पोटासाठी मिळतील त्या नोकऱ्या, कामगार संघटना. इस्त्री करता करता मुलीचा विचार करणाऱ्या आईची तिची प्रसिद्ध कथा 1950 च्या दशकातली, म्हणजे चाळिशी उलटल्यावरची. 1955-56 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाची लेखन-फेलोशिप, 1959 मध्ये फोर्ड फाउंडेशनचं अनुदान, 1961 मध्ये पहिलं पुस्तक. सुरू केलेली ती कादंबरी शेवटी 1974 मध्ये, अपुरी आहे तशीच, छापली गेली.

हे करिअरच्या कुठल्या टप्प्यावर आहे? माझ्या मते 'सुरुवातीचा टप्पा' हा शब्दच इथं मोडतो. तो शब्द शिक्षण, मग नोकरी, मग बढती अशा सरळ चढत्या जिन्याची कल्पना करून बनवलेला आहे. स्त्रियांच्या बाबतीत, आणि ज्यांच्याकडे मागं काही नाही अशा पुरुषांच्या बाबतीतही, काम अनेकदा सुरू होतं, तुटतं, पुन्हा सुरू होतं. तेव्हा वय किंवा पदवीनंतरची वर्षं मोजण्यापेक्षा सलग कामाचा काळ किती मिळाला ते मोजणं जास्त खरं ठरेल. ऑल्सनचा हा काळ मोजला तर पन्नाशीतही ती सुरुवातीलाच होती.

फेलोशिपमुळे झालं की तसंही होणारच होतं?

आता पुस्तकाशी भांडण.

सेक्स्टनला 1967 मध्ये पुलित्झर मिळालं, क्यूमिनला 1973 मध्ये. संस्थेची गोष्ट सांगताना हे दोन पुरस्कार हटकून सांगितले जातात. वाचणाऱ्याच्या मनात आपोआप बाण निघतो: रॅडक्लिफ, म्हणून पुलित्झर.

हा बाण काढायच्या आधी थांबा. निवड समितीनं मुळात कुणाला निवडलं? ज्यांच्यात चमक दिसत होती त्यांनाच ना? सेक्स्टन आणि क्यूमिन 1957 मध्ये बॉस्टनच्या एका प्रौढ शिक्षण केंद्रातल्या कवितेच्या वर्गात भेटल्या होत्या आणि तेव्हापासून एकमेकींच्या कविता फोनवर तपासत होत्या. फोन तासन्‌तास चालू ठेवायचा, आणि काही वाचून दाखवायचं असलं की शिट्टी मारून दुसरीला बोलवायचं. म्हणजे त्यांची 'रेसिडेन्सी' एक प्रकारे आधीच सुरू होती, टेलिफोनच्या तारेवर. संस्था नसती तरी त्या मोठ्या झाल्या असत्या का? कदाचित. नक्की सांगता येत नाही. संख्याशास्त्राच्या भाषेत याला निवडीचा परिणाम म्हणतात. चांगल्यांनाच निवडायचं आणि नंतर म्हणायचं, बघा आमच्याकडे येऊन किती चांगल्या झाल्या.

याचं औषध म्हणजे ज्यांचे अर्ज नाकारले गेले त्यांचा अभ्यास. समूहचरित्राच्या साच्यात तो बसत नाही. डोहर्टी यांनी पत्रं, डायऱ्या, चर्चासत्रांची ध्वनिमुद्रणं यांचा सुरेख वापर केला आहे, पण हे सगळं साहित्य टिकलं कुणाचं? ज्या नावाजल्या त्यांचं. संस्था जाहीर झाल्यावर देशभरातून पत्रांचा ओघ सुरू झाला होता. त्यातल्या बहुसंख्य बायका कधीच त्या खोलीत बसल्या नाहीत. त्यांचं पुढं काय झालं हा प्रश्न पुस्तक मध्यभागी आणत नाही. त्यात लेखिकेचा दोष कमी आणि निवडलेल्या प्रकाराचा जास्त. पण तुम्ही उद्या एखाद्या कलासंस्थेवर प्रबंध लिहिणार असाल तर हा प्रश्न तुम्हाला टाळता येणार नाही. व्हायवाला नक्की विचारला जाईल.

मग संस्थेचा परिणाम दाखवायचाच नाही का? दाखवायचा, पण पुरस्कारांनी नाही. माग काढायचा. जी गोष्ट या बायका तिथं एकत्र आल्या नसत्या तर घडलीच नसती, ती शोधायची. आणि अशा गोष्टी या पुस्तकात आहेत. हाच त्याचा सगळ्यात मोलाचा भाग.

एक उदाहरण. स्वान तैलचित्रं करायची. संस्थेतल्या काळात ती शिलामुद्रणाकडे वळली. वादकांचं तिचं एक मुद्राचित्र बघून सेक्स्टननं कविता लिहिली. पुढं 1971 मध्ये ग्रिमच्या परीकथा उलट्यापालट्या करून सांगणारा सेक्स्टनचा कवितासंग्रह आला, त्यातली चित्रं स्वानची. चित्रातून कविता, कवितेसाठी पुन्हा चित्रं. ही साखळी तारीखवार दाखवता येते आणि तिची पहिली कडी त्या छोट्या इमारतीत आहे. पुलित्झरपेक्षा हा पुरावा दिसायला लहान आहे, पण जास्त भक्कम आहे.

अहवालात न मावणारं यश

दुसरं उदाहरण ऑल्सनचं, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म इथं आहे.

ऑल्सन सॅन फ्रान्सिस्कोहून आली आणि 1962 ते 1964 तिथं होती. कादंबरी पुरी करायची होती. झाली नाही. आजच्या पद्धतीनं वर्षअखेरीचा प्रगती अहवाल भरायचा असता तर 'नियोजित काम' आणि 'पूर्ण झालेलं काम' या दोन रकान्यांमध्ये मोठी पोकळी दिसली असती आणि पुढचा हप्ता अडकला असता.

पण 1963 मध्ये प्रत्येकीनं आपल्या कामावर बोलायचं अशा चर्चासत्रात ती न लिहिण्याबद्दल बोलली. लेखक गप्प का होतात, कोणाची वर्षानुवर्षं कशात जातात, मुलांना हाक आली की लगेच उठावं लागणाऱ्या बाईच्या मनात सलग विचार कसा टिकणार. त्या बोलण्यातून 1965 मध्ये 'हार्पर्स' मासिकात लेख आला आणि 1978 मध्ये 'सायलेन्सेस' हे पुस्तक. मधल्या काळात तिच्याच आग्रहातून रिबेका हार्डिंग डेव्हिस या एकोणिसाव्या शतकातल्या विसरलेल्या लेखिकेची गिरणी-कामगारांवरची कथा 1972 मध्ये फेमिनिस्ट प्रेसनं पुन्हा छापली, ऑल्सनच्या दीर्घ टिपणासह. विद्यापीठांतल्या स्त्री-अभ्यासाच्या अभ्यासक्रमांवर या दोन्ही गोष्टींचा ठसा आहे.

म्हणजे ज्या फेलोचं ठरलेलं काम झालं नाही, तिनंच संस्था ज्या प्रश्नावर उभी होती त्या प्रश्नाची सगळ्यात नेमकी मांडणी केली. बंटिंग यांचं निदान होतं 'अपेक्षाच नाही'. ऑल्सननं त्यात वर्ग आणला. वेळ विकत घ्यावा लागतो, आणि ज्यांना दिवसभर दुसऱ्याचं काम करून पोट भरायचंय त्यांच्यासाठी तो फार महाग आहे. हे सांगायला पन्नाशीची, पदवी नसलेली, कष्टकरी घरातली बाईच यावी लागली. वयाची अट असती तर रॅडक्लिफला स्वतःवरची ही टीका ऐकायलाच मिळाली नसती.

घरी कोण होतं?

मानधनाचं प्रत्येकीनं काय करावं यावर संस्थेनं फारशी बंधनं घातली नव्हती. सेक्स्टननं त्या पैशातून घरी अभ्यासाची खोली करून घेतली आणि अंगणात पोहण्याचा तलावही बांधला. यावर तेव्हाही नाकं मुरडली गेली. मला मात्र हा तपशील महत्त्वाचा वाटतो. पैसे देणाऱ्यानं कलावंताला मोठ्या माणसासारखं वागवायचं ठरवलं की असंही होणार. पुरुष प्राध्यापकानं फेलोशिपच्या पैशातून गाडी घेतली तर त्याच्या कवितेवर शंका घेतली जात नाही.

अडचण दुसरीकडे आहे. मानधनातून मुलं सांभाळायला, घरकामाला बाई ठेवता येईल असं योजनेत गृहीत होतं. फेलो दिवसा संस्थेत, संध्याकाळी घरी, आणि मधल्या वेळात घरात दुसरी बाई. त्या दुसऱ्या बाईच्या कलेचं काय? नवऱ्यानं घरातलं काम वाटून घ्यावं ही मागणी तर योजनेत कुठंच नव्हती. संसाराची रचना आहे तशी ठेवून बाईला त्यातून दिवसाचे काही तास सोडवून आणायचे, इतकाच तो प्रयोग होता.

डोहर्टी वर्ग आणि वंश हे प्रश्न टाळत नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण पुस्तकाच्या मध्यभागी असलेल्या पाचही जणी गोऱ्या आहेत, आणि 'घरी कोण होतं' या प्रश्नाची धार लागते ती ॲलिस वॉकर आल्यावर. वॉकर 1971 ते 1973 तिथं फेलो होती. वय 27, लहान मुलीला घेऊन मिसिसिपीहून आलेली. वयाच्या हिशेबानं खरी 'सुरुवातीची' कलावंत हीच! 1974 मध्ये छापलेल्या आपल्या आईच्या बागेवरच्या निबंधात तिनं व्हर्जिनिया वुल्फशी थेट वाद घातला. वुल्फनं 1928 मध्ये केंब्रिजच्या मुलींच्या दोन कॉलेजांत भाषणं दिली, त्यांचं पुढच्या वर्षी पुस्तक झालं, आणि लिहायला स्वतःची खोली व स्वतःचं उत्पन्न हवं हा मुद्दा जगभर गेला. वॉकरनं विचारलं, अठराव्या शतकातली फिलिस व्हीटली कविता लिहीत होती, ती तर गुलाम होती. जिचं स्वतःचं शरीरच स्वतःच्या मालकीचं नाही तिला खोलीचं काय सांगता? आणि ज्यांना खोली मिळालीच नाही त्यांची कला गोधड्यांमध्ये, बागांमध्ये शोधा.

गंमत बघा. रॅडक्लिफची योजना म्हणजे वुल्फच्या मागणीची जवळजवळ शब्दशः अंमलबजावणी. आणि तिच्यावरची दोन सगळ्यात मूलगामी उत्तरं, ऑल्सनचं आणि वॉकरचं, तिच्याच फेलोंकडून आली. संस्थेचं मोठेपण मोजायचं तर मी इथं मोजेन. तिनं आपल्या चौकटीबाहेरच्या बायकांना आत येऊ दिलं आणि त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं.

संस्थेचं पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. 1978 मध्ये तिला बंटिंग यांचं नाव मिळालं. 1999 मध्ये रॅडक्लिफ हार्वर्डमध्ये पूर्ण विलीन झालं, प्रगत अभ्यासाची नवी संस्था झाली आणि फेलोशिप पुरुषांनाही खुली झाली. हे यश की माघार, यावर एक स्वतंत्र प्रबंध होऊ शकेल.

आपल्याकडे बघताना

ही अमेरिकेतली, बऱ्यापैकी खात्यापित्या घरांतल्या बायकांची गोष्ट आहे, ती इथं जशीच्या तशी लावू नका. पण प्रश्न इथंही लावता येतात.

मुंबईचं एक उदाहरण. नलिनी मलानी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असतानाच भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना काम करायला जागा मिळाली होती. 1969 मध्ये अकबर पदमसी यांनी आपल्या नेहरू फेलोशिपच्या पैशातून व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केलं. तिथं मलानी सगळ्यांत तरुण आणि एकट्याच स्त्री होत्या, आणि तिथंच त्यांनी पहिले चित्रपट-प्रयोग केले. स्त्रियांसाठीची वेगळी योजना नसताना हे घडलं. मग वेगळी योजना लागतच नाही का? उलट बाजूनं बघा: अशा जागेत एकच बाई असावी हा योगायोग की रचना? स्वतः मलानी यांनी 1980 च्या दशकात अर्पिता सिंग, निलिमा शेख आणि माधवी पारेख यांच्यासह चौघींची फिरती प्रदर्शनं केली. एकटीला जागा मिळणं पुरत नाही हे त्यांच्या कृतीतच दिसतं.

आणि संशोधक म्हणून आपल्याच नियमांकडे बघा. यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. नियमांत स्त्रियांना दोन वर्षं वाढीव मिळतात, प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा मिळते. ही चांगली गोष्ट आहे, वाद नाही. पण यात खंड पडणं ही सवलत देण्याची बाब आहे, सामान्य बाब नाही. ऑल्सनच्या चष्म्यातून वाचलं तर प्रश्न उरतोच: सगळे नियम सलग आयुष्य धरून करायचे आणि ज्यांचं आयुष्य तुटक आहे त्यांना अपवाद म्हणून वर्षं वाढवून द्यायची, की मोजणीच बदलायची?

सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी चार गोष्टी

एक, संस्थेवर काम करताना तिचा इतिहास सांगणाऱ्या स्मरणिकेच्या आधी अर्जाचा नमुना आणि पात्रतेच्या अटी मिळवा. दर दहा वर्षांच्या अटी शेजारी शेजारी ठेवा. काय बदललं ते लिहा. अर्धं प्रकरण तिथंच तयार होतं.

दोन, यशस्वी माणसांच्या यादीवरून परिणाम सिद्ध करू नका. नाकारलेल्यांची नोंद मिळते का ते विचारा. मिळत नसेल तर तसं प्रबंधात स्पष्ट लिहा आणि दावा तेवढाच ठेवा.

तीन, कारण दाखवण्यापेक्षा माग दाखवणं अनेकदा शक्य असतं. कोण कुणाला कधी भेटलं, त्यातून कुठलं काम निघालं, तारखा काय. स्वान आणि सेक्स्टनची साखळी नमुना म्हणून डोळ्यांसमोर ठेवा.

चार, 'नवोदित', 'उदयोन्मुख', 'तरुण' असे शब्द साधनांत दिसले की त्यांच्या शेजारी लिहा: कोणाच्या घड्याळानं? आरआरसीसमोर हा एक प्रश्न नीट मांडता आला तरी विषयाला उभं राहायला जागा मिळते.

पुस्तक जरूर वाचा. गोष्ट म्हणून ते ओघवतं आहे आणि पाच बायकांची मैत्री, त्यांची भांडणं, त्यांच्यातली असूया, काहीच साखरेत घोळवलेलं नाही. फक्त शेवटचं पान मिटल्यावर आत आलेल्या पाच जणींबरोबर पत्र लिहून बाहेरच राहिलेल्या बायकांचाही विचार करा. तुमच्यापैकी कुणाचा तरी प्रबंध त्यांच्यावर असायला हवा.